वेबसाइटवरील राबता व त्याची मोजणी

कागल, भुदरगड व राधानगरी तालुक्यांतील ज्या शेतकरी बंधूंनीं अलीकडे गूळ, काकवी, घाण्याचें तेल किंवा हातसडीचा तांदूळ स्वतःच्या नांवानें विकण्यास आरंभ केला आहे, त्यांपैकीं पुष्कळांनीं वेबसाइटही उघडली आहे. पेठेंतील दुकानास पाटी लावावी तशी ती लावली जाते, आणि एकदां पाटी लागली म्हणजे तिच्याकडे पुन्हां पाहण्याचें कारण उरत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. वर्षअखेरीस वेबसाइट चालविणाऱ्या ठेकेदाराचें बिल येतें. बिलासोबत एक कागद येतो व त्यावर अमुक हजार 'हिट्स' झाल्याचा मोठा आंकडा असतो. विक्रीच्या वहींत मात्र त्या आंकड्याशीं मेळ बसेल असें कांहीं आढळत नाहीं. हा आंकडा कशाचा, तो कोणीं मोजला, आणि त्याच्या भरंवशावर पुढील वर्षीं पैसा घालावा कीं हात आखडता घ्यावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आमची हयात महसूल खात्यांतील कारकुनींत गेली. शिक्षण मराठी शाळेंतलें. त्यामुळें या विषयांतील इंग्रजी शब्द प्रथम कानीं पडले तेव्हां ते डोंगराएवढे वाटले. परंतु एकेक शब्द उलगडून घेतल्यावर आंत जें निघालें तें ओळखीचेंच होतें : कोण आला, केव्हां आला, कोठून आला, काय पाहिलें, आणि कांहीं घेऊन गेला कीं रिकाम्या हातानें गेला. ज्या शेतकऱ्यास आपला सात-बारा वाचतां येतो व कारखान्याच्या कांट्यावरील पावती तपासतां येते, त्यास हा हिशेब समजण्यास अडचण पडूं नये.

बिद्रीजवळ मुधाळ तिट्ट्यावर कोल्हापूर, गारगोटी व निपाणी या बाजूंचीं वाहनें एकत्र येतात. तेथें उभें राहून एका दिवसांत किती वाहनें गेलीं हें मोजणें कठीण नाहीं. परंतु तो दिवस अमावास्येचा असून आदमापूरास बाळूमामांच्या दर्शनाची गर्दी होती कीं साधा मंगळवार होता, कारखान्याचा हंगाम चालू होता कीं बंद, गाडी उसानें भरलेली होती कीं रिकामी, आणि तिच्यांतील माणूस तिट्ट्यावर उतरून खरेदी करणारा होता कीं नुसता पुढें जाणारा, हें त्या एका आंकड्यावरून कळत नाहीं. रस्त्यावरील वाहनांची गणती सलग सात दिवस रात्रंदिवस करण्याचा जो प्रघात आहे, तो याचसाठीं. वेबसाइटवरील राबत्याची गोष्ट याहून वेगळी नाहीं. फरक इतकाच कीं तेथील तिट्ट्यावर उभा राहणारा मोजणीदार एक यंत्र असतें, आणि आपण जें विचारूं तेवढेंच तें सांगतें.

वेबसाइट म्हणजे कोठेंतरी अहोरात्र चालू असलेल्या एका संगणकावर ठेविलेलीं पानें. या संगणकास सर्व्हर म्हणतात. कोणी मोबाईलवर पान उघडलें कीं मोबाईल सर्व्हरकडे मागणी पाठवितो. सर्व्हर ती पुरी करितो व आपल्या कीर्दींत एक ओळ लिहून ठेवितो. या कीर्दीस लॉग असें नांव आहे. त्या एका ओळींत मागणी करणाऱ्याचा आंकडी पत्ता, तारीख व वेळ, कोणती वस्तु मागितली, ती मिळाली कीं नाहीं, किती मजकूर पाठविला, मागणी कोणत्या पानावरून आली, आणि ती करणारें यंत्र कोणत्या जातीचें, इतक्या गोष्टी असतात. वस्तु मिळाली तर २०० हा अंक पडतो. मागितलेलें पान जाग्यावर नसेल तर ४०४ पडतो. तलाठ्याच्या दप्तरांतही एका ओळींत इतकी माहिती क्वचितच सांपडे! ही कीर्द बहुधा ठेकेदाराच्या ताब्यांत असते. मालकानें ती मागून घ्यावी, आणि ठेका देतांनाच तसें लिहून घ्यावें.

'हिट' म्हणजे या कीर्दींतील एक ओळ. अधिक कांहीं नाहीं. पहिला घोटाळा येथेंच होतो. पान एक असलें तरी त्यावर गुऱ्हाळाचीं बारा छायाचित्रें, व्यवसायाचें बोधचिन्ह व सजावटीचीं चार-दोन अंगें असतील, तर प्रत्येकाची मागणी स्वतंत्र जाते. एका माणसानें एकदांच पान उघडलें तरी पंधरा-वीस ओळी पडतात. म्हणजे गिऱ्हाईक एकही न वाढतां नुसतीं छायाचित्रें वाढविलीं तरी हिट्स वाढतात. कांट्यावर एक गाडी आली असतां तिच्यांतील मोळ्या मोजाव्या व तितक्या गाड्या आल्या म्हणून लिहावें, तसा हा प्रकार आहे. यास्तव ज्या कागदावर केवळ हिट्सचा आंकडा आहे तो कागद वाचकांनीं बाजूस ठेवावा आणि दोन आंकडे मागावे : पानें किती वेळां उघडलीं, आणि भेटी किती झाल्या. भेट म्हणजे एका माणसानें एका बैठकींत केलेली सारी पाहणी. अर्धा तास कांहीं हालचाल झाली नाहीं तर यंत्र ती भेट संपली असें धरितें. कोणी दर पाहतां पाहतां जेवावयास उठला आणि पाऊण तासानें परत आला, तर त्याच्या दोन भेटी लागतात. हा नियम सोईसाठीं ठरविलेला आहे.

कारखान्यावर आधीं भरल्या गाडीचें वजन होतें, ऊंस उतरल्यावर रिकाम्या गाडीचें होतें, व दोहोंची वजाबाकी करून उसाचें वजन निघतें. वेबसाइटच्या आंकड्यांतूनही असें रिकामें वजन वजा करावें लागतें. तें म्हणजे बॉट. माणसावांचून आपोआप पानें उघडीत हिंडणाऱ्या संगणकी प्रोग्रॅमांस हें नांव आहे. त्यांतील कांहीं उपकारक असतात. गूगलचा बॉट आपलीं पानें वाचून गेला नाहीं, तर शोधणाऱ्यास आपलें नांव सांपडावयाचें नाहीं. दुसरे कांहीं प्रतिस्पर्ध्यासाठीं दर टिपून नेतात, कांहीं मजकूर उचलतात, कांहीं कुलपाची फट हुडकीत असतात. आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांस मजकूर पुरविणाऱ्या बॉटांची त्यांत भर पडली आहे. इंपर्व्हा या संगणक-सुरक्षेचें काम करणाऱ्या कंपनीनें २०२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत २०२४ मधील इंटरनेटवरील राबत्यापैकीं ५१ टक्के राबता यंत्रांचा असल्याचें म्हटलें आहे. बॉटांनीं कोठें जावें व कोठें जाऊं नये, हें सांगणारी एक छोटी यादी वेबसाइटच्या दाराशीं ठेवण्याची रीति १९९४ मध्यें मार्टाइन कोस्टर यांनीं सुचविली, व ती आजही चालू आहे. परंतु ती बांधावर लावलेल्या पाटीसारखी आहे. भला माणूस ती मानतो, मोकाट गुरें मानीत नाहींत. लबाड बॉट ओळखण्याची खूण अशी कीं, एकाच पत्त्यावरून एका मिनिटांत पन्नास पानें मागितलेलीं दिसतात, वेळ पुष्कळदां मध्यरात्रीनंतरची असते, आणि कोणत्याही पानावर तो माणसासारखा थांबलेला आढळत नाहीं.

मोजणीची दुसरी पद्धति अशी कीं, प्रत्येक पानांत एक लहानसा प्रोग्रॅम घालून ठेवावयाचा. पान उघडलें कीं तो मोजणी करणाऱ्या कंपनीस वर्दी देतो व येणाऱ्याच्या मोबाईलवर एक खूणचिठ्ठी ठेवितो. तोच मोबाईल पुन्हां आला तर चिठ्ठीवरून ओळख पटते. या चिठ्ठीस कुकी म्हणतात. नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं ती १९९४ मध्यें काढली. अर्चिन नांवाच्या अमेरिकन कंपनीचें मोजणीचें साधन गूगलनें २००५ सालीं विकत घेतलें व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तें गूगल अ‍ॅनालिटिक्स या नांवानें फुकट खुलें केलें. आज आपल्याकडील बहुतेक ठेकेदार हेंच वापरतात. यांत ओळखीचे बॉट आपोआप गाळले जातात, हा मोठा लाभ. पण मोजलें जातें तें यंत्र, माणूस नव्हे, हें विसरतां कामा नये. ज्या घरांत एकाच मोबाईलवर बाप, लेक व सून तिघेंही गुळाचे दर पाहतात तेथें एकच मनुष्य नोंदला जातो. आणि ज्या गृहस्थाजवळ मोबाईल व संगणक दोन्ही आहेत त्याचे दोन होतात. अ‍ॅपलच्या सफारीमध्यें २०१९ पासून अशा प्रोग्रॅमनें ठेविलेली कुकी सात दिवसांनीं पुसली जाते. यामुळें दहा दिवसांनीं परत आलेलें जुनें गिऱ्हाईकही 'नवीन' म्हणून लागतें. 'नवीन अभ्यागत' या रकान्यावर म्हणूनच फार विसंबूं नये.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतों. आमच्या परिसरांत दोघे भाऊ मिळून गुऱ्हाळ चालवितात. थोरल्याकडे हिशेब, धाकट्याकडे वेबसाइट. रसायन न घालतां केलेला गूळ एक व पांच किलोच्या रव्यांत बांधून ते परगांवीं पाठवितात. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठेकेदारानें हिट्सचा घसघशीत आंकडा दाखविला आणि जाहिरातीचा खर्च दुप्पट करण्याची शिफारस केली. धाकटा तयार झाला. थोरला म्हणाला, "माणसें एवढीं येतात आणि घेत कोणीच नाहीं, तर बंद करा हें, सगळा गूळ पूर्वीप्रमाणें अडत्याकडे घाला." जाहिरातीचा पैसा उसाच्या बिलांतून काढावा लागणार होता आणि त्याच बिलावर सोसायटीचें कर्ज फेडावयाचें होतें, तेव्हां प्रश्न केवळ हौसेचा नव्हता. वाटणीपर्यंत गोष्ट जाते कीं काय अशी घरांत धास्ती पडली. दोघांनींही आम्हांस कागद पाहण्यास बोलाविलें. आम्हीं प्रथम ठेकेदाराचा कागद मिटून ठेविला व मूळ कीर्द मागविली. ती देण्यास त्यानें थोडे आढेवेढे घेतले, पण दिली.

तीन संध्याकाळीं बसून आम्हीं जें पाहिलें तें असें. पहिल्या पानावर छायाचित्रांची इतकी दाटी होती कीं एका भेटीमागें हिट्सच्या कित्येक ओळी पडत होत्या. हिट्सचा डोलारा येथेंच कोसळला. बॉट वजा केल्यावर राहिलेल्या भेटींचा मोठा भाग एकाच पानावर येऊन तेथूनच परत जात होता, आणि तें पान गूळ विकण्याचें नव्हतें. उसाचा रस काढण्यापासून आदण उतरविण्यापर्यंत गुऱ्हाळ कसें चालतें, याचें सुरेख वर्णन धाकट्यानें तेथें लिहिलें होतें. शाळकरी मुलें व मास्तर मंडळी तें वाचीत असावींत. कारण त्या भेटी शाळेच्या दिवसांत वाढत आणि सुट्टींत ओसरत. वर्णन उत्तम होतें, पण गूळ कोठें मिळेल हें त्या पानावर कोठेंही लिहिलेलें नव्हतें! जाहिरातींतून आलेले लोक तर पान उघडतांक्षणींच निघून जात. जाहिरातींत 'स्वस्त गूळ' असे शब्द होते आणि यांचा गूळ बाजारभावापेक्षां महाग होता. येणाऱ्याची निराशा ठरलेलीच होती.

तिसऱ्या संध्याकाळीं खरी गोष्ट सांपडली. भेटींतील एक लहान पण चिवट हिस्सा मुंबई, पुणें व गुजरातेकडील होता. ही मंडळी दराचें पान उघडीत, पांच किलोचा रवा निवडीत, पत्ता लिहिण्याच्या पानापर्यंत येत, आणि तेथून माघारीं जात. त्या पानावर पोंचविण्याचा खर्च प्रथमच कळत असे. गूळ हा जड माल. रव्याच्या किंमतीच्या मानानें हा खर्च डोळ्यांत भरण्यासारखा होता. शिवाय मदतीसाठीं दिलेला दूरध्वनि क्रमांक छायाचित्राच्या आंत रंगविलेला होता, म्हणजे मोबाईलवर त्यावर बोट दाबून फोन लागत नसे. येणारा माणूस उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरत होता, आणि घरांत भांडण चाललें होतें तें रस्त्यावर दवंडी किती पिटावी याचें.

एक गोष्ट मात्र कोणत्याच यंत्रानें सांगितली नाहीं. कांहीं लोक वेबसाइट पाहून नंतर फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर माल मागवीत, आणि ती विक्री वेबसाइटच्या खातीं कधींच लागत नसे. म्हणून आम्हीं थोरल्यास एक साधी वही घालून दिली : फोन आला कीं 'आमचें नांव आपणांस कोठें कळलें?' एवढें विचारावयाचें व उत्तर तारखेसह टिपावयाचें. महिन्याभरांत त्या वहीनें धाकट्याची बाजू थोडी सांवरली. फोन करणाऱ्यांपैकीं बरेच जण दर वेबसाइटवर पाहूनच बोलत होते.

त्यांनीं वेबसाइट बंद केली नाहीं व जाहिरात दुप्पटही केली नाहीं. पोंचविण्याचा खर्च किंमतींत मिळवून एकच दर पहिल्याच पानावर लिहिला, गुऱ्हाळाच्या वर्णनाखालीं गूळ मागविण्याची सोय केली, क्रमांक दाबतां येईल असा केला, आणि दराचें पान हिंदी व गुजरातींतही घातलें. कोल्हापूरच्या गुळास गुजरातची पेठ फार जुनी आहे, हें बाजार समितींत सौदे पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. वेबसाइटनें तीच वाट पुन्हां दाखविली. पुढच्या हंगामांत पार्सलें वाढलीं. पण वाचकांनीं गैरसमज करून घेऊं नये. त्यांच्या गुळाचा मोठा हिस्सा आजही कोल्हापूरच्या सौद्यांतच जातो.

या उदाहरणांतील हिशेबाची रीत मांडून दाखवितों. आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. समजा, एका महिन्यांत बॉट वगळून ८०० भेटी झाल्या व ८ जणांनीं माल घेतला. म्हणजे शंभर भेटींमागें एक. दुसऱ्या महिन्यांत भेटी ४०० वर उतरल्या पण माल १२ जणांनीं घेतला, शंभरांमागें तीन. पहिला कागद पाहणारा म्हणेल राबता निम्मा झाला. वही पाहणारा म्हणेल धंदा दीडपट झाला. तसेंच जाहिरातीस ६,००० रुपये घातले आणि तिच्यांतून आलेल्या माणसांपैकीं सहा जणांनीं रवा घेतला, तर प्रत्येक गिऱ्हाइकामागें १,००० रुपये पडले. पांच किलोच्या रव्यावर एवढी मिळकत सुटते कीं काय, याचें उत्तर गुऱ्हाळ चालविणाऱ्यास तोंडपाठ असतें. तेंच गिऱ्हाईक दर दोन महिन्यांनीं परत येणारें असेल, तर मात्र हिशेब बदलतो. यासाठीं परत मागविणाऱ्यांची नोंद वेगळी ठेवावी.

माणूस कोठून आला हें कळण्यासाठीं कीर्दींत 'रेफरर' म्हणून एक रकाना असतो. या शब्दांतील एक 'आर' १९९६ च्या अधिकृत नियमपत्रकांत गळाला, व तेव्हांपासून साऱ्या जगांत ती चुकीची नोंद तशीच चालू आहे. फेरफारांत एकदां पडलेलें चुकीचें नांव पिढ्यान्‌पिढ्या चालावें तशी. असो. गूगलवरून आलेला माणूस या रकान्यांत बहुधा ओळखतां येतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवरील लिंक दाबून आलेला पुष्कळदां 'डायरेक्ट', म्हणजे थेट आलेला, असा लागतो. आपल्याकडील निम्मा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून चालत असल्यामुळें ही उणीव मोठी आहे. तीवर उपाय असा कीं, प्रत्येक ठिकाणीं देण्याच्या लिंकेच्या शेपटाला वेगळी खूण जोडावी : एक खूण पाहुण्यांच्या गटासाठीं, एक प्रदर्शनांत वांटलेल्या कागदासाठीं, एक रव्याच्या वेष्टनावरील चौकोनी चिन्हासाठीं. या खुणांस यूटीएम म्हणतात. त्यांतील 'यू' हें अक्षर वर सांगितलेल्या अर्चिनचें. पोत्यावर शेतकऱ्याच्या नांवाची खूण घालावी तितकेंच हें सोपें काम आहे, आणि ठेकेदाराकडून फुकट करून घेण्यासारखें आहे.

गांवाच्या रकान्याविषयीं सावध राहावें. यंत्र गांव ओळखतें तें आंकडी पत्त्यावरून अदमासानें. मोबाईल कंपन्या असंख्य गिऱ्हाइकांस एकाच पत्त्याआडून बाहेर काढतात, त्यामुळें मुरगूडचा माणूस पुण्याचा किंवा मुंबईचा म्हणून लागूं शकतो. प्रांत साधारण बरोबर येतो. गांवावर भरंवसा ठेवूं नये. खरें गांव पार्सलाच्या पत्त्यावरून घ्यावें.

लोक कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत पोंचले, हें गूगलच्या 'सर्च कन्सोल' नांवाच्या फुकट साधनांत दिसतें. आपलें नांव किती वेळां समोर आलें व किती वेळां दाबलें गेलें, हेंही तेथें कळतें. कोणी 'गूळ' लिहितो, कोणी 'गुळ', कोणी इंग्रजी शब्द वापरतो; आपल्या पानावर एकच रूप असेल तर बाकीचे चुकण्याचा संभव असतो. कोल्हापूरच्या गुळास २०१४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें आहे, तेव्हां ज्यांचा माल त्या हद्दींतला व त्या प्रतीचा आहे त्यांनीं तसें पानावर स्पष्ट लिहावें. खात्रीचा माल शोधणारा माणूस त्याच शब्दानें शोधीत येतो.

पान उघडण्यास लागणारा वेळ हाही राबत्याचाच विषय आहे. गूगलनें २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, पान उघडण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला तर मोबाईलवरील ५३ टक्के भेटी तेथेंच सोडून दिल्या जातात, असें आढळलें. मोबाईलनें काढलेलीं छायाचित्रें मूळ आकारांतच चढविण्याची आपल्याकडे खोड आहे. तीं लहान करून घालावीं.

एकाएकीं येणाऱ्या लाटेचाही अर्थ लावतां आला पाहिजे. २०२५ च्या जूनांत इटलींतील मिलान येथें प्राडा कंपनीच्या प्रदर्शनांत कोल्हापुरी घाटाच्या चपला दिसल्या. कोल्हापूरचा नामोल्लेख नव्हता म्हणून मोठी ओरड झाली, व पुढें कंपनीनें प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचें मान्य केलें. या चपलेस २०१९ सालींच मानांकन मिळालेलें होतें. त्या दिवसांत कोल्हापुरी चपलेविषयींचा शोध वाढला व ती ऑनलाइन विकणाऱ्यांचें गिऱ्हाईकही वाढलें. ज्यांच्याजवळ माल व दर तयार होता त्यांस अशा वेळीं लाभ होतो. पण पुढील वर्षाच्या जूनशीं तुलना करतांना ही लाट ध्यानीं नसेल, तर धंदा बुडाला असा भ्रम व्हावयाचा. म्हणून नोंदवहींत आंकड्याशेजारीं शेऱ्याचा रकाना अवश्य असावा : 'वर्तमानपत्रांत नांव आलें', 'प्रदर्शन', 'सर्व्हर दोन दिवस बंद', 'पूर'. शेरा नसलेला आंकडा वर्षानंतर कोणास समजत नाहीं, हें आम्ही दप्तराच्या अनुभवावरून सांगतों.

दप्तरावरून आणखी एक गोष्ट आठवली. गूगलनें १ जुलै २०२३ रोजीं आपल्या जुन्या अ‍ॅनालिटिक्समध्यें नवे आंकडे घेणें बंद केलें, आणि १ जुलै २०२४ पासून जुने आंकडे पाहणेंही बंद केलें. ज्यांनीं ते उतरवून ठेविले नव्हते त्यांची कित्येक वर्षांची नोंद गेली. नव्या पद्धतींत एकेका अभ्यागताचा तपशील, आपण मुद्दाम मुदत वाढविली नाहीं तर, दोनच महिने राहतो; वाढविली तरी चौदा महिने. सर्च कन्सोल सोळा महिन्यांपलीकडचें दाखवीत नाहीं. दुसऱ्याच्या कोठारांत धान्य ठेवावें तशी ही स्थिति आहे. ज्यांस नोंद आपल्याच सर्व्हरवर हवी असेल त्यांच्यासाठीं माटोमो नांवाचें साधन आहे; तें २००७ पासून निघालें असून पूर्वीं पिविक म्हणून ओळखलें जाई. तें न जमल्यास दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मागील महिन्याचा उतारा कागदावर काढून फाइलीस लावावा. उताऱ्यांत भेटी, प्रत्येक वाटेनें आलेले, दराचें पान पाहणारे, पत्त्यापर्यंत आलेले, माल घेणारे, परत मागविणारे, ४०४ चीं पानें व शेरा, एवढे रकाने पुरेत. अर्ध्या तासाचें काम आहे. गिऱ्हाइकांचीं नांवें व फोन क्रमांक मात्र त्या उताऱ्यांत लिहूं नयेत. व्यक्तींच्या माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं कायदा झाला असून, अशी माहिती ज्या कामासाठीं संमतीनें घेतली त्याच कामासाठीं वापरणें विक्रेत्यावर बंधनकारक धरिलें आहे.

हंगाम नसतांना येणाऱ्यांविषयीं लिहून हा लेख पुरा करितों. गुऱ्हाळें पावसाळ्यांत थंड असतात, पण वेबसाइटचें दार उघडें असतें व माणसें येतच राहतात. पुष्कळ ठिकाणीं त्यांस 'माल संपला' एवढीच पाटी दिसते. वर सांगितलेल्या भावांनीं त्या पाटीखालीं, नवा गूळ निघतांच कळविण्यासाठीं क्रमांक देण्याची जागा केली, आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणत्याही कामास वापरणार नाहीं असें तेथेंच लिहिलें. श्रावण-भाद्रपदांत त्या यादींत नांवें जमूं लागलीं. दिवाळीनंतर पहिलें आदण उतरलें कीं धाकटा त्या यादीवरील प्रत्येकास निरोप पाठवितो, आणि थोरला पहिल्या पार्सलांची नोंद स्वतः करितो.